नवरीच्या पाठीमागे बसणारी बाई

तुआनबाईला राग आला की ती आधी जनावरावर काढायची आणि मग माणसाकडे वळायची. त्या दिवशी तिनं उंबऱ्याशी पसरलेल्या डुकरिणीला "सरक गं लठ्ठे, तुझ्या बापाची वाट हाय काय" म्हणत पायानं ढकललं, छत्री भिंतीला टेकवली आणि ओसरीवर ताग सोलत बसलेल्या गुइकाकूपुढे फतकल मारली.

"गुइ, तू माझी अब्रू धुळीला मिळवलीस."

"आता मी काय केलं?" गुइकाकूनं मान वर केली नाही. तागाची साल दातांत धरली, नखानं चिरली आणि लांब ओढली.

"सुतारांच्या पोरीला तूच शिकवलं न्हवं? काल दालनात रडली. माझी पाळी आली तवा म्हनती कशी, तुआनमावशी, तुमची जीभ फार गोड. बास. गेली की म्होरं. आगं, ही काय शिवी झाली? चा फिका झाला तरी मानूस याच्यापरीस जास्त बोलतं. बायका त्वांडावर बाही धरून हसाय लागल्या."

"पोरगी सोभावानं गरीब हाय."

"असंल गरीब. पर मला पोट हाय का न्हाई? मला शिव्या बसल्या न्हाईत तर माझ्याकडं सोयरीक घेऊन यील कोन?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. शांगदू गावची नवरी सासरी निघायच्या आदल्या दिवशी पूर्वजांच्या दालनात बसते आणि रडते. नुसते डोळे पुसत नाही, गाऊन रडते. शब्दाला शब्द जोडून, ज्याचं त्याला बोलून. आधी पूर्वज, मग आईबाप, मग भाऊ-भावजय, मैत्रिणी, आणि शेवटी सोयरीक जुळवणारी. ज्याला हाक मारली त्यानं उत्तर द्यायचं, तेही गाऊनच. त्या दिवशी पोरगी काय बोलली याचा जाब तिला पुढे कुणी विचारत नाही. एरवी मान वर न करणारी पोर त्या दिवशी चुलत्याला विचारते, बांधावरचं कापराचं झाड कुणी तोडलं म्हणून, आणि चुलता पायांकडे बघत ऐकून घेतो. सोयरीक जुळवणारीला तर शिव्यांचा मानच असतो. घरानं लाडाची पोर दिली हे जगाला कळायचं कशावरून, तर तिला तोडून नेणाऱ्या बाईला ती किती तिखट बोलली यावरून. त्यामुळे शिवी जितकी झणझणीत, तितकी तुआनबाई खूश. काही शिव्या तर ती पाठ म्हणून दाखवायची.

आणि हे रडणं शिकवायची गुइकाकू. त्या खोऱ्यातल्या सगळ्या पोरी वयात आल्या की तिच्या माळ्यावर चढायच्या. हातात सुई किंवा ताग असायचा, तोंड मोकळं. गुइकाकू खाली मान घालून चरखा फिरवत सांगायची: "हुंदका ओळीच्या शेवटाला घालू नगा. शेवटाला घातला की लोकांना वाटतं, संपलं. नावाच्या आदी घाला. हाक घशात अडकली पायजे, मग मानसं मान पुढं काढून ऐकत्यात." कुणी पोरगी बापावर भडकलेली असली, लांब डोंगरापल्याड दिलं म्हणून, तर काकू म्हणायची, "बापाला दोष देयाचा न्हाई. डोंगराला बोल. येवढा उंच का झालास म्हनून डोंगराला इचार. डोंगरावर भागलं न्हाई तर तुआनबाई हायच. बाप बसलेला असतोय समोर. त्याला जे कळायचं ते कळतं, आन् त्याची मान बी ताठ ऱ्हाते."

तिची खरी जागा मात्र रडण्याच्या दिवशी दिसायची. नवरी दालनाच्या मधोमध, तिच्यासमोर आईच्या आणि बापाच्या खुर्च्या, आणि नवरीच्या पाठीमागे बांबूची एक बुटकी तिवई. त्या तिवईवर गुइकाकू. उजवा हात नवरीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे. तळवा दाबला की श्वास घ्यायचा, बोटं उचलली की हाक मारायची, हात सबंध टेकला की थांबायचं. माळ्यावर तालीम करून घेतलेला तो हात दालनात समोरच्यांना दिसत नसे. दालनात शब्द विसरून गोठलेल्या कितीतरी पोरी त्या हातानं पुढे नेल्या.

ती स्वतः वरच्या गावाची. सून म्हणून शांगदूला आली तेव्हा तिच्या रडण्यानं नावाडी वल्हं धरून थांबले होते, असं म्हातारे सांगतात. आता नावाडी एरवीही थांबतातच, पण ते असो. तिचा नवरा देवदाराच्या ओंडक्यांचे तराफे खाली न्यायचा. एका पुरात तराफा आला आणि तो आला नाही. पोरगी तेव्हा रांगत होती. सासू म्हणाली, "तुझ्याकडं आवाज हाय, त्यो खा." तेव्हापासून गुइकाकू आवाज खात आली. कुणी अंडी द्यायचं, कुणी चिकट तांदूळ, कुणी मोहरीच्या पाल्याच्या लोणच्याची बरणी. माय-लेकी त्यावर तगल्या.

तुआनबाईचा राग चहाबरोबर ओसरला. मग ती मूळ कामावर आली. गुइकाकूची लेक छाइयुन हिची सोयरीक तिनंच जुळवली होती, नदीच्या खालच्या अंगाला बाइशी गावातल्या वेन घराण्यात. घरात पिढ्यान् पिढ्या पोरांना शिकवायचं काम. दोन वेळचा भात, छपराला कौल, मुलगा शांत.

"वेनआत्याचा निरोप हाय," तुआनबाईनं आवाज बारीक केला. ही मुलाची आत्या. तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतलेली, घरातल्या मुली-सुनांना वळण लावणारी. "नावेबरोबर ती सोता येनार नवरीला न्ह्यायला. ती म्हनली, आमच्या घरी बायका मोजकं बोलतात. बोलण्याआधी ऐकणारा कोण ते बघावं, आणि मनात काही उरेल इतकंच बोलावं, असं आम्ही मुलींना शिकवतो. तुमच्याकडची चाल आम्हाला ठाऊक आहे. तेवढं रडणं थोडक्यात आटपलं तर बरं."

गुइकाकूचा हात तागावर थांबला.

"आन् माझं काय?" तुआनबाई म्हणाली. "गुइकाकूच्या पोटच्या पोरीनं मला थोडक्यात शिव्या दिल्या असं झालं तर मी कुटं त्वांड दाखवू?"

आत चुलीपाशी छाइयुन होती. तिनं सगळं ऐकलं असणार. पळी पालथी ठेवल्याचा आवाज आला, तेवढाच.

*

छाइयुन कमी बोलायची. लहानपणापासून माळ्याच्या कोपऱ्यात खांबाला टेकून तागाची वाख सोडवत बसायची. पोरी यायच्या, रडणं शिकायच्या, जायच्या. लोक म्हणायचे, हिला शिकवायची काय गरज, हिच्या हाडांत मुरलं असेल. गुइकाकूलाही तसंच वाटत होतं. म्हणून तिनं लेकीला कधी समोर बसवलं नव्हतं. आज बसवू, उद्या बसवू, करत लग्न दारात आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बसवलं.

"म्हन. आईची हाक घे."

छाइयुन सुई ओवत होती. "काय म्हनू?"

"जे म्हनतात ते. येत न्हाई काय तुला?"

"येतं की." तिनं दोरा दातानं तोडला. "पाऊस आला, मला पंखाखाली घेतलंस, तू भिजलीस. हे तू कोष्ट्याच्या थोरलीला दिलंस. दिव्याचं तेल माझ्या वाट्याला, अंधार तुझ्या. हे लू-मामींच्या पोरीचं. दारातलं पीचचं झाड मी गेल्यावर कुनाकडं बघंल, हे चुनचं. तिच्या दारात पीच न्हवतंच, तरी तू दिलंस. आन् सगळी रडली."

"मग त्यात काय बिघडलं? शब्द काय उष्टे होत्यात व्हय? हिरीवर सगळ्यांचीच बादली जाते."

"न्हाई बिघडलं. पर मला ठावं हाय ना, कुठला कुनासाठी केलास. मी तितंच बसलेली." छाइयुनचा आवाज चढला नाही. "आईनं लेकीला बोलायचं जेवढं व्हतं तेवढं तू दुसऱ्यांच्या पोरींला वाटून टाकलंस, आई. माझ्यासाटी कुठलं उरलंय ते सांग, तेवढंच म्हनते."

गुइकाकूला आधी राग आला. ती बरंच बोलली. त्या शब्दांवर तुझ्या वाडग्यात भात पडला, हेही बोलली. छाइयुननं ऐकून घेतलं.

"व्हय. खाल्ला मी तो भात," ती म्हणाली. "म्हनून तर म्हनते, वेनआत्याचं बरं हाय. दोन शब्द बोलू, उठू."

गुइकाकू खाली उतरली आणि परसात कोबीला शेण घालत राहिली. जमिनीला पुरे झालं तरी घालत राहिली.

तिला चालीची भीती नव्हती. चाल मोडली तर लोक चार दिवस बोलतील, पाचव्या दिवशी दुसरं काही मिळेल. तिला भीती वेगळीच होती. पोर जात होती ते घर मोजक्या शब्दांचं. मार देणारं नव्हे, उपाशी ठेवणारं नव्हे, भलं घर. पण तिथं एकदा शिरली की आयुष्यभर हळू बोलायचं. एवढाच एक दिवस तिला मोठ्यानं बोलायला मिळणार, आणि तो दिवस ती मिटल्या तोंडानं घालवणार. पोटात असेल ते पोटात घेऊन नावेत बसेल. आणि पोटात काय आहे ते आईला कधीच कळणार नाही.

तर लेकीला नवे शब्द करून द्यायचे, असं गुइकाकूनं ठरवलं. त्यात काय अवघड, जन्म त्यात गेला. ती ताग सोलताना करू लागली, डुकराचा पाला शिजवताना करू लागली, घाटावर कपडे आपटताना करू लागली. पण जो शब्द उचलावा त्याला कुणाचं ना कुणाचं नाव चिकटलेलं. चंद्र घ्यावा तर तो दोघींना दिलेला. नदी तर सगळ्यांनाच. घाटावरच्या बायकांना दिसायचं, काकू कपडा धरून नुसतीच बसलीय.

मग तिच्या ध्यानात आलं की आपल्याला लेकींविषयी पुष्कळ ठाऊक आहे, पण या एका लेकीविषयी काही सुचत नाही. जिच्याबद्दल बोलायचं तिच्याकडे आधी बघावं लागतं, हे ती पोरींना सांगत आली होती. ती छाइयुनकडे बघू लागली.

बघितलं ते असं. पोरगी जेवायला बसली की कढईच्या तळाची खरवड आधी आपल्या वाडग्यात ओढते. पळी पालथी ठेवते. माळ्यावर पोरी चढल्या की जिन्याखालच्या त्यांच्या चपला फिरवून ठेवते, उतरल्या की सरळ पायात जाव्यात म्हणून. झोपताना अंगठा मुठीत धरते, बाळ होती तेव्हा धरायची तसाच. यातून काय शब्द होणार. खरवडीवर कोण रडतं. गुइकाकूनं तो नाद सोडला.

रडण्याच्या आदल्या दिवशी मैत्रीण चुन आली आणि तिनं दुहेरी दोऱ्यानं छाइयुनच्या चेहऱ्यावरची लव काढली. कपाळ अंड्यासारखं लख्ख झालं. चुन म्हणाली, "दुखतंय तर रड की गं, उद्याची तयारी व्हईल." छाइयुन हसली. रडली नाही.

*

रडण्याच्या दिवशी दालन सकाळपासून भरलं. बायका बाकांवर, पोरं खांबांवर, म्हातारे दाराशी. वेनआत्या नावेतून उतरून आली. राखाडी अंगरखा, केस घट्ट, हातात काही नाही. तिनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि भिंतीकडची जागा घेतली. तुआनबाई नवे जोडे घालून पुढे बसली होती. तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं, "बघू आता, किती पडतंय पदरात."

समोर दोन खुर्च्या. बाप नव्हता, म्हणून त्याच्या खुर्चीवर त्याचा जुना निळा डगला घडी घालून ठेवलेला. शेजारी आईची खुर्ची. मधे छाइयुन, लाल कपड्यांत, डोक्यावरून फडकं घेतलेली. पाठीमागे ती बुटकी तिवई, नेहमीच्या जागी. कुणीतरी सवयीनं मांडली होती.

गुइकाकू चुलीवरचं सगळं बघून, हात पुसत, बाजूच्या दारानं आत आली. दालनात नवरी बसलेली, माणसं गप्प झालेली, धुपाचा वास. तिचे पाय जिथं जायचे तिथं गेले. नवरीच्या मागे वळसा घालून ती तिवईवर बसली, बाह्या मागे सारल्या आणि उजवा हात नवरीच्या पाठीवर ठेवला.

सगळ्यांनाच आधी ते बरोबर वाटलं, इतकी वर्षं तसंच बघत आले होते. मग एका म्हातारीनं आईच्या खुर्चीकडे बघितलं. मग दुसरीनं. कुजबुज झाली. तुआनबाईनं तोंड उघडलं आणि कधी नव्हे ते मिटलं.

गुइकाकूला कळलं तेव्हा उशीर झाला होता. नवरी बसल्यावर तिच्या पुढून कुणी जायचं नसतं. वाट आडवी होते. उठता येईना. ती तशीच बसली, आणि हाताला सवय होती म्हणून तळवा दाबला गेला. श्वास घे.

छाइयुननं श्वास घेतला.

आधी पूर्वजांना दोन ओळी झाल्या, साध्या. मग बापाच्या डगल्याला एक हाक. आत्तापर्यंत सगळं थोडक्यात, वेनआत्याला आवडावं असं. मग आईची पाळी आली आणि ती थांबली. फडक्याआडून तिला समोरची रिकामी खुर्ची दिसत होती. दालनात कोंबडीसुद्धा हलत नव्हती.

ती गाऊ लागली तेव्हा आवाज इतका खाली होता की दाराशी बसलेले म्हातारे उठून आत आले.

"बापा, तुझ्या खुर्चीत तुझा डगला तरी बसला,
आईच्या खुर्चीत कोन बसलंय, मला दिसंना.
रिकाम्या लाकडाला आई म्हनू का
का पाठीमागं वळून बघू?
नवरीनं मागं बघू नये, तूच शिकवलंस, आई."

गुइकाकूचा हात पाठीवर नुसताच पडून राहिला. श्वास कुठं, हाक कुठं, काही खूण उरली नाही. छाइयुनला खुणेची गरज नव्हती.

"सुताराच्या पोरीच्या पाठीवर तुझा हात बघितला,
कोष्ट्याच्या पोरीच्या पाठीवर बघितला,
चुनच्या पाठीवर बघितला, तवा मी वाख सोडवत होते.
माझी पाठ खांबाला टेकलेली.
खांब थंडीत गार असतो, आई,
उन्हाळ्यात बी गारच असतो."

बाकांवर कुणाचा तरी हुंदका फुटला. चुननं बाहीत तोंड खुपसलं.

"आज तुझा हात मला लागला.
तागानं चिरलाय, बोटं वाकडी झाल्यात.
लांबून बघताना मऊ दिसायचा.
उद्या नाव सुटंल, बाइशीला वळंल,
पाठ माझी तिकडं, हात तुझा हिकडं,
एका दिवसासाटी कशाला ठेवलास, आई?"

आणि मग तिची हाक अडकली. ओळीच्या शेवटी नाही, नावाच्या आधी. पण कुणी शिकवलं म्हणून नव्हे.

आता आईनं उत्तर द्यायचं. सगळ्यांच्या माना गुइकाकूकडे वळल्या. तिच्याजवळ देण्यासारखी उत्तरं ढीगभर होती. इतक्या आयांना तिनं ती पढवली होती. त्यातलं एकही तिच्या तोंडात आलं नाही. तिच्या समोर लेकीची पाठ होती, आणि आजवर इतक्या पाठी बघून तिनं ही एक कधी बघितली नव्हती. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. बराच खाली. तिनं हात सरकवून त्या खांद्यावर ठेवला, आणि तिथं कावडीच्या दांड्यानं पडलेला घट्टा कपड्यावरून बोटांना लागला.

ती गायली. चाल नीट लागली नाही. म्हातारे अजून सांगतात, गुइकाकू आयुष्यात एकदाच बेसूर झाली.

"युन, माझा गुडघा गेला तवापासून पानी कुनी आनलं,
मी माळ्यावरून इचारलं न्हाई.
हांडा भरलेला असायचा, मी प्यायचे.
तुजा खांदा वाकला, मी आज बघितला.

युन, तू खरवड आधी वडायचीस,
मला वाटायचं, पोरीला खरवड आवडते.
मऊ भात माझ्या वाडग्यात राहायचा
आन् मी म्हनायचे, आज भात चांगला झाला.

युन, तू सगळ्यांच्या चपला वळवून ठेवल्यास,
उतरनारीनं वाकू नये म्हनून.
उद्या तू उतरशील नावेत,
तुझ्या चपला मी वळवते. तेवढ्या मला वळवू दे."

यात अलंकार कुठलाच नव्हता. ओळी लहानमोठ्या होत्या, एका ठिकाणी तर ती नुसतंच बोलली. पण दालनात कोरडा डोळा राहिला नाही, आणि छाइयुन खरोखरीची रडली, खांदे हलवून, लहान पोरासारखी, नाक वाहीपर्यंत. शिकवलेलं रडणं आणि हे, यातला फरक तिथल्या प्रत्येक बाईला कळत होता. काहींना आपापला दिवस आठवला असेल.

मग पोरगी मोकळी झाली. चुलत्याला बोलली, चुनला बोलली, आणि शेवटी तुआनबाईकडे वळली तेव्हा तिचा आवाज दालनाच्या आढ्याला लागत होता.

"तुआनबाई, तू बाइशीची वाट सपाट सांगितलीस,
तुझ्या जिभेवरनं चालत गेलं तर सपाटच असंल.
नवरा शांत हाय म्हनालीस, झोपलेला बघितलास काय?
मेलेल्या माशाला पोहायला लावशील
आन् त्याच्याकडनं नावेचं भाडं घेशील.
तुझे नवे जोडे चावू देत तुला,
घरोघर फिरताना दर उंबऱ्याला लंगडू देत."

बायका हसत रडत होत्या. तुआनबाई डोळे पुसत उभी राहिली आणि उत्तर म्हणून एवढंच गाऊ शकली की बाळ, लंगडते, लंगडते, तुझ्यासाठी लंगडते. खाली बसताना शेजारणीला म्हणाली, "मासा ऐकलास न्हवं? मासा. ध्यानात ठेव, मला इसरायला हुईल."

वेनआत्या भिंतीकडे ताठ बसून होती. तिनं एकदाच फक्त आपला उजवा हात डाव्या खांद्यावर नेला, काहीतरी तपासावं तसा, आणि परत मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर गुइकाकू वाकली. गुडघा दुखत होता तरी वाकली, आणि नावेच्या फळीशी लेकीच्या चपला वळवून ठेवल्या.

*

चालीप्रमाणे नवरी नवऱ्याबरोबर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा जावई वारलेल्या सासऱ्याच्या नावापुढे वाकून ओसरीवर गप्प बसला. तो खरंच शांत होता, तुआनबाई त्याबाबतीत खोटं बोलली नव्हती. माय-लेकी चुलीपाशी होत्या.

"आत्या काय म्हनली गं?" गुइकाकूनं विचारलं. हा प्रश्न तिला रात्रंदिवस टोचत होता. "घालून पाडून बोलली का?"

"नावेत बाइशीपर्यंत काय बोलली न्हाई. मला वाटलं, झालं आता." छाइयुननं कढईत पाणी ओतलं. "दुसऱ्या सकाळी केस इंचरताना म्हनली, ऐकणारा कोण ते तू बघितलंस. बोलून झाल्यावर उरलंही होतं. मग आमच्या शिकवणीत ते बसतं, मी काही म्हणणार नाही."

"आन्?"

"आन् मग म्हनली, पाणी उद्यापासून पाळीपाळीनं आणायचं, या घरात सगळ्यांना दोन दोन खांदे आहेत." छाइयुन थोडी हसली. "तिकडं हळू बोलावं लागतं, आई. बोलते मी हळू. पर आता जमतं."

जेवताना गुइकाकूनं कढईत पळी घातली आणि खरवड आधी स्वतःच्या वाडग्यात ओढली. छाइयुननं बघितलं. दात कमी झाले होते, गुइकाकूला ती चावायला बराच वेळ लागला.

पुढच्या हंगामात माळ्यावर पुन्हा पोरी चढल्या. कुंभाराची धाकटी होती, बोलकी, लग्न ठरलेली. आल्या आल्या म्हणाली, "काकू, मला ते खरवडीचं शिकवा. आन् चपलांचं. सगळी म्हनतात, तसलं कुनी ऐकलं न्हाई."

"ते न्हाई," गुइकाकू म्हणाली.

"का वो? चांगलं हाय की."

"ते दिलं. गेलं ते बाइशीला." तिनं चरख्याची दोरी ताणली. "तुजी आई खरवड खाती का?"

पोरगी गोंधळली. "काय ठावं. बघितलं न्हाई."

"मग जा. बघून ये. थोडं दिवस घरात नीट बघ, ती काय खाती, कुटं टेकती, कुठल्या कुशीवर झोपती. मग चढ माळ्यावर."

पोरगी कुरकुरत जिना उतरली. खाली चपला शोधताना तिचा आवाज आला, आपल्याच चपला कुणीकडे तोंड करून पडल्यात ते तिला कळेना. गुइकाकूनं माळ्याच्या कडेवरून वाकून बघितलं. मग गुडघ्याला हात लावत उठली, जिना उतरली, आणि वर उरलेल्या पोरींच्या चपला एकेक करून वळवून ठेवल्या.